ताईचं इटालियन गाणं

हे लिहू का, असं मी ताईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, “लिही. पण जर्मनीला आला होतास, तर जर्मनीही लिही. नुसतं ते एक नको.” म्हणून दोन्ही लिहितो आहे. माणसांची नावं बदलली आहेत. ज्या गाण्यामुळे हे सगळं झालं त्याचं नाव आणि त्यातले शब्द मात्र देणार नाही. एकदा दिले, तेवढे पुरे झाले.

मी कऱ्हाडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. ताई, म्हणजे नीलिमा, माझ्याहून बरीच मोठी. तिचं लग्न झालं आणि ती दाजींबरोबर जर्मनीला गेली तेव्हा मी शाळेत होतो. तिच्याकडे जायचं दर उन्हाळ्यात ठरायचं आणि दर उन्हाळ्यात राहून जायचं. शेवटी २०१६ च्या मेमध्ये, पेपर तपासून झाल्यावर, निघालो. बायकोला रजा मिळाली नाही, म्हणून एकटाच.

झिंडेलफिंगेन

स्टुटगार्टजवळचं हे गाव मोटारींच्या कारखान्यावर चालतं. पाळी सुटली की रस्ते भरतात, एरवी इतकी शांतता की आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. दाजी त्या कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या करतात. “गाडी पळवणारे पुष्कळ आहेत, थांबवणारे आम्ही,” हा त्यांचा एकुलता एक विनोद. तो ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात, मलाही विमानतळावरून येताना सांगितला. त्यानंतर घर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मला थंडी वाजते हे न सांगता त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी स्वतःचा जाड स्वेटर माझ्या खुर्चीच्या पाठीवर आणून ठेवला. असा माणूस.

गावाच्या जुन्या भागात लाकडी चौकटींची वाकडी घरं आहेत, त्यांच्या खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या. रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे काही ठिकाणी चक्क संगमरवराचे आहेत. मी वाकून हात लावून बघितला. एकही गाडी येत नसताना लोक सिग्नल हिरवा होईपर्यंत उभे राहतात. मी पहिल्या दिवशी तसाच निघालो, तर पलीकडच्या एका बाईनं तिच्या लहान मुलीकडे बोट दाखवून मला काहीतरी सुनावलं. ताई म्हणाली, “त्या म्हणतायत, मुलं बघतात, निदान त्यांच्यासाठी तरी थांबा.”

तिसऱ्या दिवशी आठवड्याच्या बाजारात गेलो. तेव्हा पांढऱ्या शतावरीचा हंगाम होता. जर्मन लोक तिला श्पार्गेल म्हणतात आणि आपण आंब्याची वाट बघतो तशी तिची वाट बघतात. एक म्हातारी बाई ते दांडे ओल्या फडक्यावर ओळीनं लावत होती. मी मोबाइल काढून फोटो घेतला. तिनं मान वर केली, चेहरा कडक झाला. ताईनं पुढे होऊन माफी मागितली, आणि माझ्यासमोर उभी राहून तो फोटो पुसायला लावला.

“इथे विचारल्याशिवाय माणसाचा फोटो काढत नाहीत, संजू.”

“मी शतावरीचा काढत होतो.”

“त्यात त्यांचे हात आले ना.”

मला ते फार अति वाटलं. आपल्याकडे भाजीवाली मावशी उलट पदर नीट करून बघते. मी हे ताईला बोलूनही दाखवलं. ती हसली नाही.

त्या संध्याकाळी शतावरी खाल्ली: उकडलेली, वर वितळलेलं लोणी, बाजूला उकडलेले बटाटे. मी दोन घास घेतले आणि ताईकडे बघितलं. ती उठली आणि तिनं एका छोट्या कढईत लसूण-मिरचीची फोडणी करून आणली. दाजींनी मात्र फोडणी घेतली नाही. ते जर्मन पदार्थ जर्मन पद्धतीनंच खातात. तसे सगळे नियमही पाळतात. रिकाम्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या डब्यांत टाकायच्या, दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत टाकायच्या नाहीत, रविवारी तर मुळीच नाही, शेजाऱ्यांना आवाज होतो. हे मला त्यांनी डब्यांपाशी नेऊन समजावून दिलं.

फोडणी परतताना ताई गुणगुणत होती. कऱ्हाडला ती गायची. शाळेच्या गॅदरिंगला, गणपतीत, तिचं गाणं ठरलेलं असायचं. इथे आल्यावर सुटलं. मुलगी मुक्ता एर्लांगेनला संशोधनासाठी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा ताई गावातल्या एका गायनमंडळात जायला लागली. आता शनिवारी त्यांचा वसंतातला कार्यक्रम होता आणि त्यात ती एकटी एक गाणं म्हणणार होती. तेच गुणगुणत होती. चाल अशी की भाषा कळत नसतानाही माणसानं हातातलं काम थांबवावं.

“कुठलं गं?”

“इटालियन आहे. जुनं, रेडिओवर लागायचं तसलं.”

“अर्थ काय?”

“काही नाही रे. प्रेमाचं आहे, असंच.” आणि तिनं एक्झॉस्टचा पंखा लावला.

रोझानाचं दुकान

त्या मंडळात ताईची मैत्रीण आहे रोझाना. तिचे वडील इटलीतून कारखान्यात मजुरीला आले ते इथेच राहिले. रोझानाचं चर्चजवळ आइस्क्रीमचं दुकान आहे. गुरुवारी तालीम झाल्यावर ताई मला तिथे घेऊन गेली आणि माझ्यासाठी तिनं स्वतःच ऑर्डर दिली. समोर आली ती शेवयांची बशी, वर लाल टोमॅटोचा रस्सा आणि किसलेलं चीज. मी म्हटलं, जेवणाआधी हे कशाला. रोझाना आणि ताई दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी काट्यानं शेवया गुंडाळायला गेलो तर काटा आत रुतला. ते आइस्क्रीम होतं. साच्यातून शेवयांसारखं पाडलेलं, वर स्ट्रॉबेरी, आणि चीज म्हणजे पांढऱ्या चॉकलेटचा कीस. ताई हसता हसता टेबलाला धरून बसली. तिला इतकं हसताना मी लहानपणी बघितलं असेल. पुढच्या गोष्टीसाठी हे सांगणं गरजेचं आहे, की त्या दिवशी ती आनंदात होती.

मग तिला कुणाचा तरी फोन आला आणि ती बाहेर गेली. मी रोझानाला इंग्रजीत विचारलं, “ताईच्या गाण्याचा अर्थ काय आहे?”

“तिनं नाही सांगितला?”

“ती म्हणते, असंच, प्रेमाचं.”

रोझाना हसली. हात पुसून माझ्यासमोर बसली आणि एकेक ओळ सांगत गेली. सारांश सांगतो. एक बाई म्हणते, रोज शब्द ओठांपर्यंत आणला आणि रोज उद्यावर टाकला. तू गेलास आणि जाताना तुला काहीच माहीत नव्हतं. आता मी ते सगळ्यांना सांगत फिरते, तुला सोडून.

“मी तिला चार-पाच गाणी दिली होती,” रोझाना म्हणाली. “तिनं प्रत्येकाचा अर्थ विचारला, नीट, शब्दाशब्दाचा. मग हे घेतलं.”

हे वाक्य मी ऐकलं. पण माझं डोकं तेव्हा दुसरीकडेच होतं. मला त्या ओळी मराठीत दिसायला लागल्या होत्या. मी मराठीचा माणूस. दिवाळी अंकांत माझ्या कविता येतात, फार नाही, पण येतात. दोन दिवस मी त्या अनुवादावर बसलो. ताई विचारायची, काय लिहितोस, तर मी म्हणायचो, गंमत आहे. तिला ते वाचायला देण्याआधी सगळ्यांनी वाचावं आणि मग तिला कळावं, असा माझा बेत होता. किती चांगला बेत आहे असंच मला वाटत होतं.

शनिवार

कार्यक्रम दुपारी होता, चर्चच्या सभागृहात. जर्मन लोकांची कार्यक्रमाची रीत मला आवडली. आधी प्रत्येकजण घरून केलेला केक आणून टेबलावर ठेवतो, मग गाणं, मग कॉफी आणि तो केक. ताईनं नारळाच्या वड्या नेल्या होत्या. एका आजोबांनी एक वडी उचलून वास घेतला, चावली, आणि जाऊन बायकोला घेऊन आले.

ताई निळी रेशमी साडी नेसली होती. पियानो सुरू झाला आणि ती गायली. मी गाण्यातला जाणकार नाही. एवढंच सांगतो की पहिल्या कडव्यात ती समोर बघत होती आणि दुसऱ्या कडव्यात कुणाकडेच बघत नव्हती. शेवटची ओळ तिनं जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. टाळ्या आल्या त्या थांबेनात. दाजी माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग चष्मा काढून पुसला, जो त्यांनी कार्यक्रमाच्या आधीच पुसला होता.

मी सगळं चित्रित केलं होतं. मंडळाच्या संचालकानं सुरुवातीला काहीतरी सूचना दिली होती, आजूबाजूच्यांनी मोबाइल खाली ठेवले होते. मी मांडीवरून, जरा आडून, घेतलं.

घरी आल्यावर मी तो व्हिडिओ आमच्या घराण्याच्या ग्रुपवर टाकला. या ग्रुपवर आमचे सगळे काका, आत्या, मामा, त्यांची मुलं-सुना, कऱ्हाडपासून कॅलिफोर्नियापर्यंत. खाली माझा अनुवाद. त्याच्यावर लिहिलं, “ताईचं इटालियन गाणं. अर्थ मुद्दाम देतो आहे, म्हणजे ती काय गायली ते कळेल. अनुवाद: मी.”

झोपेपर्यंत अंगठे, फुलं, हात जोडलेले. एका मावसभावानं लिहिलं, “संजू, काय लिहिलंस रे.” ते मी दोनदा वाचलं. ताईचा मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात होता, तिनं पाहिला नव्हता.

रविवार

सकाळी नाश्त्याला दाजींनी बेकरीतून ताजे ब्रेत्सेल आणले होते. गाठ मारलेला पाव, मधून कापून आत लोणी. ताई स्वयंपाकघरात चहा गाळत होती, दार उघडंच होतं. मी म्हटलं, “ताई, तुला गंमत दाखवतो म्हटलं होतं ना. ऐक, सुलूआत्यानं काय म्हटलंय.”

सुलूआत्या आमच्या वडिलांची धाकटी बहीण, ऐंशीच्या घरातली. तिला मोबाइलवर लिहिता येत नाही, ती बोलून पाठवते. आमच्या शेजारीच राहायची, ताईला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. तिचा निरोप ग्रुपवर आला होता. मी तो आधी ऐकला नव्हता. आवाज मोठा केला आणि मोबाइल टेबलावर मधोमध ठेवला.

“नीलू, बाळा, ऐकलं गं गाणं. गळा अजून तसाच आहे तुझा. संजूनं अर्थ लिहिलाय तो सूनबाईनं वाचून दाखवला. मला आधी वाटलं, चांगली इतकी गाणी असताना हे कशाला म्हटलं पोरीनं. मग म्हटलं, श्रीकांत जाऊन अजून वर्षही नाही झालं. मनात राहिलं असणार. तेव्हा तुम्ही दोघं काही बोलला नाहीत, म्हणून आम्हीही काही बोललो नाही. पण दिसत होतं गं आम्हाला. जाऊ दे. रडू नकोस हां.”

निरोप संपला. श्रीकांत म्हणजे आमच्या मागच्या घरातला. ताईच्या गाण्याला पेटी वाजवायचा. पुढे साखर कारखान्यात नोकरीला लागला, लग्न झालं, मुलं झाली. मी त्याला नुसता नमस्कार-चमत्कारापुरता ओळखत होतो. जानेवारीत त्याला हार्ट अटॅक आला. ही बातमी ताईला मीच फोनवर दिली होती, माझ्या व्हिसाच्या कागदांबद्दल बोलता बोलता. “अगं, तो मागचा श्रीकांत गेला.” ती म्हणाली होती, “हो?” आणि मग, “व्हिसाची तारीख मिळाली का?”

दाजींच्या हातात सुरी होती, तिच्यावर लोणी होतं. त्यांनी ते लोणी पावाला नीट, कडेपर्यंत लावलं. पाव बशीत ठेवला. खाल्ला नाही. उठले, आत जाऊन सिंकखालची रिकाम्या बाटल्यांची पिशवी उचलली आणि म्हणाले, “मी जरा या टाकून येतो.”

“अहो, आज रविवार आहे,” ताई दारातून म्हणाली.

ते गेले. थोड्या वेळानं खालून काचा फुटल्याचा आवाज आला, एकामागून एक. मग कुठल्याशा बाल्कनीतून एका माणसाचं ओरडणं. दाजींचं उत्तर ऐकू आलं नाही. ते काय बोलले असतील, माफीच मागितली असेल.

ताई टेबलापाशी आली. माझा मोबाइल उचलून तिनं अनुवाद वाचला, सावकाश, मी विद्यार्थ्याचा पेपर वाचतो तसा.

“चांगला केलायस,” ती म्हणाली.

“ताई, मला काही माहीत नव्हतं. शपथ.”

“तुला कसं माहीत असणार. तू लहान होतास. आणि माहीत असण्यासारखं काही झालंही नव्हतं.” तिनं मोबाइल पालथा ठेवला. “संजू, हे गाणं मी का घेतलं सांगू? तिथे जे ऐकत होते त्यांना श्रीकांत माहीत नाही. आणि ज्यांना श्रीकांत माहीत आहे त्यांना इटालियन येत नाही. तेवढीच एक जागा होती. तिथे उभं राहून मला ते एकदा मोठ्यानं म्हणायचं होतं.”

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, “चहा घे, गार होतोय.”

मी व्हिडिओ आणि अनुवाद पुसला, पण तो माझ्या मोबाइलवरून गेला, लोकांच्या नाही. मग मी ग्रुपवर लिहिलं, “कृपया हा व्हिडिओ पुढे पाठवू नये.” यासारखी दुसरी मूर्ख गोष्ट मी आयुष्यात केली नसेल. ज्यांनी आत्याचा निरोप ऐकला नव्हता त्यांनीही आता तो शोधून ऐकला. दुपारपर्यंत दोन चुलत बहिणींचे मला वेगळे फोन आले, काय झालं, काय झालं. मी घेतले नाहीत. आत्याला मात्र फोन केला. ती म्हणाली, “मी तिच्याशीच बोलले रे. बटण दाबून बोलले ते सगळ्यांना गेलं का?” मी म्हटलं, आत्या, चूक तुझी नाही, माझी आहे. तिला ते पटलं नाही. ती रडायला लागली आणि तिची सून फोनवर आली.

संध्याकाळी एकटाच फिरायला गेलो तर रोझाना दुकानाच्या दारात उभी. गाणं घरच्यांना ऐकवणार हे मीच तिला शनिवारी सांगितलं होतं. “तुमच्या घरच्यांना गाणं आवडलं का?” मी म्हटलं, हो, फार. ती इतकी खूष झाली की तिनं मला एक कोन भरून दिला, आणि तो मला तिच्यासमोर उभं राहून खावा लागला.

एर्लांगेन

पुढच्या गुरुवारी सुट्टी होती आणि मुक्ताकडे जायचं आधीपासून ठरलेलं होतं. मधले दिवस घरात सगळे एकमेकांशी फार नीट वागत होते. “मीठ देता का,” “थँक यू,” “तुम्ही आधी घ्या.” मी परत जाण्याची तारीख अलीकडे आणायचं बघितलं. ताई म्हणाली, “पळू नकोस.”

स्टुटगार्टहून न्यूरेम्बर्गकडे जाणारी प्रादेशिक गाडी छान रमतगमत जाते. आधी द्राक्षांचे उतार, मग जंगल, मग मोहरीच्या जातीच्या पिकाची पिवळीधमक शेतं, मधे एखादं गाव, त्याचं चर्च आणि लाल कौलं. दुसऱ्या कुठल्याही वेळी मी खिडकीला चिकटून बसलो असतो. आम्ही चार जणांच्या जागेत तिघं बसलो होतो. दाजी वर्तमानपत्र वाचत होते. एकच पान, न्यूरेम्बर्गपर्यंत.

एर्लांगेन म्हणजे सायकलींचं गाव. स्टेशनाबाहेर इतक्या सायकली उभ्या की आपली कुठली हे कसं सापडत असेल कोण जाणे. मुक्ता तिथे हृदयाच्या तपासण्यांच्या यंत्रांवर संशोधन करते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. आमचे चेहरे बघून तिनं आईला विचारलं, “वास इस्ट लोस?” काय झालंय?

“काही नाही गं. प्रवासाचा शीण.”

मुक्ता माझ्याकडे वळली. “मामा?”

“ग्रुपवर नाही पाहिलंस?” मी हळूच विचारलं.

“तो मी म्यूट केलाय,” ती मराठीत म्हणाली. मला तिचा हेवा वाटला.

जेवायला तिनं एका बागेतल्या उपाहारगृहात नेलं. चेस्टनटच्या झाडांखाली लांब बाकं, त्यांवर अनोळखी माणसंही खुशाल शेजारी येऊन बसतात. जेवण झाल्यावर मायलेकी राजवाड्यामागची बाग बघायला गेल्या. मी आणि दाजी बाकावरच राहिलो. मी दहा वेळा मनात जुळवलेलं वाक्य बोलून टाकलं.

“दाजी, मला माफ करा.”

त्यांनी टेबलावरचं पान बोटानं बाजूला केलं. “मला माहीत होतं,” ते म्हणाले.

मला कळलं नाही.

“लग्न झाल्यावर पहिल्यांदा कऱ्हाडला आलो होतो. शेजारपाजारचे भेटायला आले, तसा तोही आला होता. तुझ्या ताईनं सगळ्यांना चहा केला. प्रत्येकाला विचारलं, साखर किती. त्याला विचारलं नाही. नुसता दिला.” त्यांनी रिकामा ग्लास जवळ ओढला. “एवढंच. त्याच्यापेक्षा जास्त काही नाही. पण मला कळलं.”

“तुम्ही कधी विचारलं नाही?”

“काय विचारणार? तिनं काही लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच. माणूस चांगला होता.” मग म्हणाले, “गाण्याचा अर्थ रोझानानं मलाही सांगितला होता. तालमीला मीच सोडायचो ना. मी म्हटलं, म्हणू दे. बरं वाटेल तिला.”

माझ्या मनात आलेलं हे लिहायलाही जड जातं: मी भाषा शिकवतो, आणि या माणसाला मी सगळ्यांसमोर मुका ठरवून त्याच्या बायकोचं मन वाचून दाखवलं होतं. त्यानं ते वाचलं होतं, माझ्याआधी किती वर्षं, आणि मिटून ठेवलं होतं.

“मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं,” दाजी म्हणाले. “त्यावर आमचं बरं चाललं होतं. आता तिला वाटतंय, मला त्या दिवशी नाश्त्याला कळलं. मला लागलंय असं वाटतंय तिला. आता काही न बोलणं म्हणजे तिला शिक्षा दिल्यासारखं होतं. आणि मला बोलायला येत नाही रे, संजय.”

मायलेकी बागेतून परत येताना दिसल्या. मी सरकून त्यांना जागा केली.

परतीची गाडी अजून उजेड होता तेव्हाच होती. मुक्ता प्लॅटफॉर्मवर हात हलवत राहिली. न्यूरेम्बर्गला गाडी बदलली, पुन्हा तशीच चार जणांची जागा, ताई खिडकीशी, दाजी तिच्यासमोर, मी दाजींच्या शेजारी. आन्सबाखच्या पुढे दाजी उठले आणि ताईच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसले. त्यांनी वर्तमानपत्र काढलं नाही. हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत ते म्हणाले,

“तो पेटी वाजवायचा ना? श्रीकांत.”

ताईनं खिडकीतून मान वळवली. माझ्याकडे नाही बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

“हो.”

“चांगली वाजवायचा?”

माझे कान टवकारले गेले होते, हे मला जाणवलं. तसे ते नेहमीच असतात, तो माझा धंदा आहे. मग ताई म्हणाली, “फार नाही. पण माझा सूर सुटला की तो...”

मी उठलो. बॅग तिथेच ठेवली आणि डब्याच्या टोकापर्यंत चालत गेलो, जिथे सायकली उभ्या करायची मोकळी जागा असते. दार मधे आलं, चाकांचा आवाज मोठा झाला, आणि त्यांचं बोलणं ऐकू येईनासं झालं. काचेतून ताईची फक्त पाठ दिसत होती आणि तिच्याकडे झुकलेलं दाजींचं डोकं. मी तिकडे पाठ करून बाहेर बघत राहिलो. शेतं गेली, जंगल आलं, दोन-तीन स्टेशनं गेली.

एक बाई सायकल घेऊन उतरायला आली. मी दारात उभा. तिनं काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, तसं तिनं इंग्रजीत विचारलं, “तुम्ही पुढच्या स्टेशनला उतरणार आहात का?”

“नाही,” मी बाजूला होत म्हटलं. “मी नुसता इथे उभा आहे.”